चेक : एका शब्दाची चौसष्ट घरं



आज सकाळपासून 'चेक' हा शब्द तुम्ही किती वेळा उच्चारला, जरा आठवून पाहा. गॅस बंद केला का ते चेक केलं. मोबाइल चेक केला. मुलाचा गृहपाठ चेक केला. आजोबांचं चेकअप आहे, म्हणून डॉक्टरांची वेळ घेतली. चेक्सचा शर्ट इस्त्रीला टाकला. बँकेत चेक भरला. रिक्षावाल्याला सांगितलं, "चेकनाक्याला सोडा." आणि संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा, "अगं, दाराला कुलूप लावलं का, चेक कर ना!"

इतका घरचा झालेला शब्द. तो इंग्रजी आहे हेसुद्धा आपल्या लक्षात येत नाही. पण तपासणं, कापडावरच्या चौकड्या, बँकेतला कागद आणि रस्त्यावरचा नाका, या सगळ्यांना एकच शब्द का? यांचं एकमेकांशी नातं काय?

हा प्रश्न मला पडला तो इंदूरला, माझ्या काकांच्या घरी. ती गोष्ट आधी सांगते, मग शब्दाकडे वळू.

काकांचा चेक

काका निवृत्त आहेत. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. मी बंगळुरूला. मागच्या वर्षी चार दिवस त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पानांतून एक कागद काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "अगं, हा चेक बँकेत टाकायचा राहिलाय. जाताजाता टाकशील का?"

बत्तीस हजारांचा चेक होता. त्यांनी जुनी गाडी विकली, तेव्हा घेणाऱ्यानं काही रक्कम रोख दिली होती आणि उरलेल्या पैशांचा हा चेक. मी तारीख पाहिली. सात महिने उलटून गेले होते. त्याच आठवड्यात काकू गेल्या होत्या. काकांनी चेक जपून ठेवला आणि मग त्यांना कशाचंच भान राहिलं नाही.

बँकेतल्या माणसानं चेक उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे सांगितलं, "ताई, याची मुदत संपली. नवीन घेऊन या."

घरी येऊन सांगितलं तर काका हसले. "म्हणजे चेकनंच आपल्याला चेक दिला म्हणायचा!"

काका बुद्धिबळाचे शौकीन. लहानपणी मला त्यांनीच शिकवलं. ते गमतीनं बोलले खरे, पण त्यांच्या त्या एका वाक्यात या शब्दाचा सगळा इतिहास होता. कसा ते पाहा.

मूळ शब्द : शाह

बुद्धिबळाचा जन्म आपल्याकडचा. साधारण सहाव्या शतकात भारतात 'चतुरंग' नावाचा खेळ खेळला जाई. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगं, म्हणून चतुरंग. हा खेळ इराणात गेला, तिथून अरबांकडे गेला आणि 'शतरंज' झाला. फारसीत राजाला म्हणतात 'शाह'. समोरच्याच्या राजावर हल्ला केला, की खेळाडू त्याला सावध करण्यासाठी मोठ्यानं म्हणे, "शाह!" म्हणजे, राजा सांभाळ.

हाच 'शाह' अरबांबरोबर युरोपात पोचला. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये जाताना त्याचा 'एशेक' झाला आणि फ्रेंचांकडून इंग्रजांनी उचलला तो 'चेक'. आणि मजा पुढेच आहे. त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन इंग्रजीत आलं ते 'चेस' म्हणून. म्हणजे 'चेस' या शब्दाचा अर्थ शब्दशः 'अनेक शह'!

आता आपल्या मराठीकडे या. आपण 'चेक' नाही, 'शह' म्हणतो. शह देणे, शह-काटशह. हा 'शह' म्हणजे तोच फारसी शाह. तो आपल्याकडे थेट आला आणि इंग्रजीत युरोप फिरून गेला. म्हणजे शह आणि चेक हे सख्खे भाऊ. एक घरीच वाढला, दुसरा परदेशी जाऊन कोट-टाय घालून परत आला.

'चेकमेट'चंही तसंच. तो मूळचा 'शाह मात'. पुष्कळ लोक याचा अर्थ 'राजा मेला' असा सांगतात. पण फारसीत 'मात' म्हणजे हतबल, निरुपाय झालेला. बुद्धिबळात राजा मारला जात नाही, तो फक्त अडकतो. आपण 'संकटावर मात केली' म्हणतो ना, ती मात हीच.

या शाहाचा गोतावळा मराठीत मोठा आहे. बादशहा, शहेनशहा, शहजादा, शाही थाट, आदिलशाही, निजामशाही. इतकंच काय, 'लोकशाही'तली शाहीसुद्धा त्याचीच. फक्त 'शहाणा' या शब्दाला त्यात ओढू नका. तो संस्कृत 'सज्ञान'पासून आलेला, वेगळ्या कुळातला आहे. आणि 'चेकाळणे' ऐकून इंग्रजी चेक आठवला तर तेही विसरा, ते आपलं अस्सल मराठी क्रियापद आहे.

शह ते तपासणी

राजाला शह बसला, की समोरच्याला बाकी सगळे बेत सोडून आधी राजा वाचवावा लागतो. त्याची घोडदौड थांबते. म्हणून इंग्रजीत 'चेक'चा पुढचा अर्थ झाला थांबवणे, रोखणे. रोखण्यावरून झाला ताबा ठेवणे. आणि ताबा ठेवायचा तर सगळं ठीक आहे ना, हे पाहत राहावं लागतं. म्हणून शेवटी अर्थ झाला तपासणे. आपण रोज वापरतो तो हा शेवटचा अर्थ. पण मधला 'रोखणे' हा अर्थ विसरलो, की गोंधळ होतो.

उदाहरणार्थ, 'चेक डॅम'. गावाकडे ओढ्यावर बांधलेला छोटा बंधारा तुम्ही पाहिला असेल. चेक डॅम म्हणजे 'तपासलेलं धरण' नव्हे. वाहत्या पाण्याचा वेग रोखणारा बांध तो चेक डॅम. पाणी थबकतं, जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरींना त्याचा फायदा होतो. पाण्याला दिलेला शहच तो!

'कीप युवर अँगर इन चेक' म्हणजे 'राग तपासून ठेवा' नाही, 'राग आवरा'. आणि 'अनचेक्ड' म्हणजे बेलगाम, कोणी न अडवलेला. मात्र ऑनलाइन फॉर्म भरताना 'अनचेक' करा असं म्हटलं, तर चौकोनातली बरोबरची खूण काढून टाका, एवढाच अर्थ.

चेकनाक्यात तर रोखणं आणि तपासणं, दोन्ही अर्थ एकत्र आहेत. गाडी आधी थांबवायची, मग पाहायची. मुंबई आणि ठाण्याच्या सीमेवरचा मुलुंड चेकनाका सगळ्यांना माहीत आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात बंद झाली, पण लोकांच्या तोंडून चेकनाका काही गेला नाही.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात 'चेक्स अँड बॅलन्सेस' असा शब्दप्रयोग असतो. म्हणजे संसद, सरकार आणि न्यायालय यांनी एकमेकांवर अंकुश ठेवायचा, कोणालाच मोकाट सुटू द्यायचं नाही. यातली गंमत पाहा. 'चेक'मध्ये राजा दडलेला, 'लोकशाही'तही राजा दडलेला. आणि दोन्ही शब्द आज सांगतात एकच, की कोणाही एकाला राजा होऊ देऊ नका.

पटावरून कापडावर, कापडावरून तिजोरीत

बुद्धिबळाचा पट म्हणजे आठ गुणिले आठ, चौसष्ट घरं. एक काळं, एक पांढरं. या पटासारखी नक्षी असलेलं कापड ते चेक्सचं कापड. आपण म्हणतो चौकडीचं कापड. आपल्याकडचे सुती 'मद्रास चेक्स' तर जगभर गेले. फक्त उभ्या किंवा फक्त आडव्या रेघा असतील तर त्या चेक्स नव्हेत, ते स्ट्राइप्स. रेघा एकमेकींना छेदून चौकोन झाले तरच चेक्स.

हाच पट इंग्लंडच्या सरकारी खजिन्यातही जाऊन बसला. बाराव्या शतकात तिथे राजाच्या वसुलीचा हिशेब एका मोठ्या टेबलावर होत असे. टेबलावर चौकटींचं कापड अंथरायचं आणि त्या चौकटींत सोंगट्या सरकवून पौंड, शिलिंग, पेन्स मोजायचे. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं महाकठीण, म्हणून ही युक्ती. ते टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसे, म्हणून त्या खात्याचं नाव पडलं 'एक्सचेकर'. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात. म्हणजे आपल्या चतुरंगाची सावली लंडनच्या अर्थसंकल्पावर पडलेली आहे!

बँकेतला चेक

आता येऊ काकांच्या कागदाकडे. बँकेच्या चेकचं स्पेलिंग आपल्याकडे वेगळं असतं. तपासण्याच्या चेकच्या शेवटी 'सी-के' येतं, तर बँकेच्या चेकच्या शेवटी 'क्यू-यू-ई'. अमेरिकेत मात्र दोन्हींचं स्पेलिंग एकच, 'सी-के'वालं. म्हणून परीक्षेत किंवा पत्रात लिहिताना भारतीय पद्धतीनं 'क्यू-यू-ई' लिहावं.

शब्द मात्र मूळचा एकच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणत ते पावतीच्या स्थळप्रतीला. खोटेपणा झाला तर ती जुळवून पाहायची, म्हणजे लबाडीला रोखायचं. पुढे त्या कागदालाच चेक म्हणू लागले. म्हणजे बँकेच्या चेकमध्येही रोखणं आहेच.

मराठीत त्याला धनादेश हा छान शब्द आहे. पण त्याहून छान आहे आपलं क्रियापद, 'वटणे'. चेक वटला, चेक वटला नाही. हुंडीच्या काळापासून चालत आलेला शब्द. जुन्या सावकारीत 'शहाजोग हुंडी' असे. ती कोणाही ऐऱ्यागैऱ्याला न देता पेढीवरच्या पतदार माणसालाच द्यायची. यातला 'शहा' मात्र राजा नव्हे, तो साहू म्हणजे सावकार. आज आपण चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहितो, त्यामागची काळजी तीच. पैसे भलत्याच्या हातात पडू नयेत, खात्यातच जावेत.

चेकबद्दल या चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. काकांच्या निमित्तानं मीही त्या पुन्हा वाचल्या.

एक, चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने. आधी ती सहा महिने असे. १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेनं ती तीन महिन्यांवर आणली. जुन्या माणसांच्या डोक्यात अजून सहाच महिने असतात. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

दोन, चेक शिळा झाला म्हणून देणं संपत नाही. देणाऱ्यानं नवा चेक द्यायचा असतो. फक्त तो मागायला आपण वेळेवर जायला हवं.

तीन, खात्यात पैसे नसल्यामुळे चेक परत आला, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ खाली तो गुन्हा ठरू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्यासाठी चेक मुदतीत बँकेत टाकलेला हवा. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस मिळतात. तरी पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात तक्रार करायची. चेक पुस्तकात ठेवून बसलं, की हे हत्यार बोथट होतं.

चार, रकमेपुढे 'फक्त' लिहायला विसरू नका आणि सही केलेला कोरा चेक कोणाकडेही ठेवू नका. 'ब्लँक चेक देणे' म्हणजे मनमानीची मोकळीक देणे, हा वाक्प्रचार उगाच नाही पडला. पन्नास हजार आणि त्यावरच्या रकमेच्या चेकसाठी १ जानेवारी २०२१ पासून 'पॉझिटिव्ह पे' ही सोय आहे. चेकचा तपशील आपण आधीच बँकेला कळवायचा, म्हणजे खाडाखोड केलेला चेक पकडला जातो.

शेपूट बदललं की अर्थ बदलतो

इंग्रजीत चेकच्या मागे एखादा छोटा शब्द जोडला, की अर्थ पार बदलतो. मुलांनो, हा भाग तुमच्यासाठी. मोठ्यांनीही वाचायला हरकत नाही.

चेक इन : हॉटेलात किंवा विमानतळावर नोंद करून आत जाणे. विमानतळावर सामान 'चेक इन' केलं म्हणजे ते तपासलं असं नव्हे, विमान कंपनीच्या हवाली केलं. त्यात औषधं आणि दागिने ठेवू नका!

चेक आउट : याचे अर्थ बरेच. हॉटेल सोडणे. वाचनालयातून पुस्तक आपल्या नावावर घेणे. 'अमुक गाणं चेक आउट कर' म्हणजे ऐकून तर बघ. आणि ऑनलाइन खरेदीत 'चेकआउट' म्हणजे आता पैसे द्यायची वेळ. आजी-आजोबांना हे नक्की सांगा, नाहीतर 'तपासून पाहू' म्हणून ते बटण दाबायचे.

चेक विथ : कोणाला तरी विचारून घेणे. 'आय विल चेक विथ आई' म्हणजे आईला विचारून सांगते. यातला 'विथ' गाळला, तर आईचीच तपासणी होईल.

चेक ऑफ : यादीतलं काम झालं, की त्यापुढे खूण करणे.

क्रॉसचेक : एका ठिकाणी मिळालेली माहिती दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहणे. फॉरवर्ड आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी हे केलंत, तर अर्ध्या अफवा तिथेच थांबतील.

रेन चेक : हा अमेरिकन पाहुणा. बेसबॉलचा सामना पावसानं बुडाला, तर पुढच्या सामन्याला येता यावं म्हणून प्रेक्षकाकडे राहणारी चिठ्ठी. आता कोणी जेवायला बोलावलं आणि जमत नसेल, तर 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणतात. म्हणजे 'आज नाही, पुन्हा कधीतरी नक्की'.

अमेरिकेतल्या हॉटेलात जेवण झाल्यावर लोक म्हणतात, "चेक, प्लीज." ते चेकबुक मागत नसतात, बिल मागत असतात.

आणि युरोपातला चेक देश? प्राग ज्याची राजधानी, १ जानेवारी १९९३ ला स्लोव्हाकियापासून वेगळा झालेला? त्याचा शहाशी काही संबंध नाही. ते तिथल्या लोकांचं नाव. उच्चार तेवढा सारखा, स्पेलिंग आणि कूळ निराळं.

एक राहिलेला अर्थ

वाचकहो, एक अर्थ मी मुद्दाम शेवटी ठेवला. चेक ऑन. 'चेक ऑन समवन' म्हणजे कोणाची तरी विचारपूस करणे. बरं आहे ना, जेवलात ना, झोप लागते ना, हे पाहणे.

काकांचं पुढे काय झालं ते सांगते. गाडी घेणारा माणूस दुसऱ्या गावी गेला होता. त्याचा नंबर शोधला, चार-पाच फोन केले आणि महिन्याभरानं नवा चेक आला. काकांनी तो त्याच दिवशी बँकेत टाकला. तो वटला. पैशांचं निभावलं.

पण माझ्या मनातून ती तारीख जाईना. सात महिने तो चेक ज्ञानेश्वरीत पडून होता. त्या सात महिन्यांत मी काकांना किती वेळा फोन केला असेल? दिवाळीला एक, त्यांच्या वाढदिवसाला एक. दोन्ही वेळा विचारलं, "बरे आहात ना?" त्यांनी सांगितलं, "हो, मजेत." मी ते खरं मानलं आणि फोन ठेवला. बँकेला निदान तारीख तरी दिसली, मला तीही दिसली नव्हती.

आता दर रविवारी सकाळी मी फोन करते. बोलायला विषय नसला तर बुद्धिबळ असतं. मोबाइलवर आमचा डाव चालू असतो, दिवसाला दोन-तीन चाली. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून काकांचा उत्साह दुप्पट झालाय. मला शह दिला, की अ‍ॅप आपणहून दाखवतंच, तरी काका वेगळा निरोप टाकतात, मराठीत, "शह! राजा सांभाळ."

तुमच्याही घरी, गावी, ओळखीत असं एखादं माणूस असेल. 'मजेत' म्हणून फोन ठेवणारं. हा लेख वाचून झाला, की मोबाइल हातात आहेच. एकदा फोन करा. का केलास असं त्यांनी विचारलं, तर सांगा, काही नाही, सहज चेक करायला केला.